पेटी, तंबोरा आणि पीसीच्या पोटातलं साउंड कार्ड

मिरजेहून आलेला प्रश्न थोडक्यात असा : घरी चार वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप आहे. शुअरचा एसएम५८ माइक आहे. पत्नी पेटीवर अभंग गातात, पुतण्या तबल्याला बसतो. हे घरच्या घरी नीट रेकॉर्ड करायचं आहे आणि हाताशी १२ हजार रुपये आहेत. दुकानदाराने पीसीच्या आत बसवायचं एक गेमिंग साउंड कार्ड दाखवलं. खोक्यावर '७.१', '१९२ किलोहर्ट्झ', '१२२ डेसिबल' असं मोठ्या अक्षरांत छापलंय. घ्यावं का?

नका घेऊ. ते कार्ड वाईट आहे असं नाही, पण ते तुमच्या कामाचं नाही. का नाही ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते एकदा कळलं की पुढे कुठलंही कार्ड, कुठलाही डबा तुम्ही स्वतःच पारखू शकाल.

साउंड कार्ड दोन उलटी कामं करतं. कॉम्प्युटरमधले आकडे विजेत बदलून स्पीकरकडे पाठवणं हे एक, आणि माइककडून आलेली वीज मोजून तिचे आकडे करणं हे दुसरं. गेमिंग कार्डाचा सगळा पैसा पहिल्या कामात ओतलेला असतो. खोक्यावरचा १२२ डेसिबल हा आकडा, म्हणजे आवाज मागच्या खरखरीपेक्षा किती वर आहे तो, बाहेर जाणाऱ्या आवाजाचा असतो. आत येणाऱ्या आवाजाचा आकडा खोक्यावर नसतो. तो वेबसाइटवरच्या तपशिलात, तोही असलाच तर, खाली कुठेतरी सापडतो. उदाहरण म्हणून मदरबोर्डांवर सर्रास दिसणारी रियलटेकची एएलसी१२२० ही चिप घ्या. तिच्या कागदावर बाहेरच्या बाजूला १२० डेसिबल आणि रेकॉर्डिंगच्या बाजूला ११३ डेसिबल असं आहे. तिथेच ७ डेसिबलचा फरक, आणि हे चिपच्या कागदावरचं झालं. बोर्डावर बसल्यावर, शेजारी ग्राफिक्स कार्ड घरघरत असताना, त्यातलं किती उरतं ते वेगळंच.

पण तुमची खरी अडचण या आकड्यांत नाही. ती तुमच्या माइकच्या वायरीत आहे.

एसएम५८ हा डायनॅमिक माइक. त्याच्यासमोर ९४ डेसिबलचा आवाज झाला, म्हणजे माइक जवळ घेऊन चांगलं मोकळं गायलं, की त्यातून जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट निघतात. व्यावसायिक लाइन इनपुटला, म्हणजे मिक्सरसारख्या उपकरणाकडून तयार, मोठा सिग्नल घेणाऱ्या भोकाला, १.२३ व्होल्टची सवय असते. भागाकार करून बघा, साडेसहाशे पटींहून जास्त होतो. डेसिबलमध्ये सुमारे ५६. घरगुती उपकरणांची लाइन पातळी कमी असते, ०.३१६ व्होल्ट, तरी तिथेही १७० पट वाढवावं लागतं. हे वाढवण्याचं काम प्रीअँप करतो. तो साडेसहाशे पट वाढवणार म्हणजे त्याच्या स्वतःच्या पोटातली खरखरही त्याच्याबरोबर वाढणार. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये पैसा लावायचा तो आधी माइक प्रीअँपला. १९२ किलोहर्ट्झला नाही.

गेमिंग कार्डावर माइकचं भोक असतं, मग त्यात प्रीअँप नसतो का? असतो, पण तो हेडसेटच्या माइकसाठी केलेला. ते ३.५ मिलिमीटरचं गुलाबी भोक इलेक्ट्रेट माइकला दोन-चार व्होल्ट पुरवतं आणि तिथे तोंडाला चिकटलेल्या माइकचा बऱ्यापैकी मोठा आवाज येईल अशी अपेक्षा असते. तिथे एसएम५८ लावलात तर आवाज इतका बारीक येतो की विंडोजमधला 'बूस्ट' २० किंवा ३० डेसिबलवर न्यावा लागतो, आणि मग अभंगाच्या मागे पाऊस पडत असल्यासारखी सरसर ऐकू येते. उद्या कंडेन्सर माइक घ्यायचा म्हटलं तर त्याला ४८ व्होल्टचा फॅन्टम पॉवर लागतो. तो या भोकातून मिळत नाही. त्याला अपवाद माझ्या माहितीत एक ठळक आहे : क्रिएटिव्हचं एई-९. त्याच्याबरोबर टेबलावर ठेवायचा एक डबा येतो आणि त्यावर फॅन्टमसकट एक्सएलआर इनपुट, म्हणजे माइकच्या वायरीचं तीन पिनांचं भोक, असतं. पण मग नीट बघा, त्यांनाही माइकसाठी पीसीच्या बाहेरच यावं लागलं.

हे असं का झालं, त्याला इतिहास आहे. सिंगापूरच्या क्रिएटिव्हने १९८९मध्ये पहिलं साउंड ब्लास्टर आणलं तेव्हा त्याच्यावर जॉयस्टिकचा पोर्ट होता. पीसीतला आवाज खेळासाठी आला, गाणारे मागून पाहुणे म्हणून आले. १९९८चं साउंड ब्लास्टर लाइव्ह आमच्यापैकी अनेकांनी वापरलं. त्या काळी ते थोर वाटायचं. पण त्याच्या आतली चिप सगळं काम ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार वेळा आवाज मोजून, करायची. तुम्ही सीडीसाठी ४४.१वर रेकॉर्ड करायला सांगितलंत तरी ती आधी ४८ धरायची आणि मग त्याचं ४४.१ करून द्यायची. सॉफ्टवेअरमध्ये दिसायचं ४४.१, प्रत्यक्षात आवाज एकदा गिरणीतून दळून आलेला. तेव्हापासून मला सवय लागली आहे : कार्ड काय म्हणतं त्यापेक्षा ते आत काय करतं ते विचारायचं.

आता हा मोजण्याचा रेट निघालाच आहे म्हणून स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी ४४.१वर केलं आणि दुसऱ्या मशीनवर ती फाइल ४८च्या प्रोजेक्टमध्ये, रूपांतर न करता, तशीच ओढून टाकली. मूळ गाणं पांढरी चारमध्ये होतं. ऐकायला बसलो तर षड्ज काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधोमध कुठेतरी लोंबकळतोय. ४८ला ४४.१ने भागलं की १.०८८ येतं, म्हणजे जवळजवळ दीड पट्टी वर. बुवा म्हणाले, "आम्ही एवढे चढे कधी गायलो?" तेव्हा विंडोजमधला साउंडचा रेट, कार्डाच्या पॅनेलमधला रेट आणि प्रोजेक्टचा रेट हे तिन्ही एकच ठेवा. ४८ ठेवा, म्हणजे व्हिडिओला जोडतानाही त्रास नाही. ९६ किंवा १९२च्या मागे लागू नका. फाइल दुप्पट-चौपट होते, पेटी तीच राहते.

बिटचं, म्हणजे प्रत्येक मोजणी किती बारकाईने लिहायची त्याचं, मात्र ऐका : २४ बिटच. १६ बिटमध्ये कागदोपत्री ९६ डेसिबलची जागा मिळते, २४मध्ये १४४ची. प्रत्यक्षात कुठलंही चांगलं कार्ड ११० ते १२०पर्यंतच पोचतं, पण तेवढ्याने एक मोठी सोय होते. आवाज अगदी लाल रेषेला टेकवून रेकॉर्ड करावा लागत नाही. सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन, म्हणजे प्रीअँपची वाढवण्याची पातळी, ठेवायचा आणि निवांत गायचं. डग्ग्यावर अचानक घुमारा आला तरी फाटत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची एक चॅनेल तासाला ५२० एमबीच्या आतच घेते, त्यामुळे डिस्कची काळजी करायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट ड्रायव्हर. कार्डापेक्षा मला तिची भीती जास्त वाटते.

पुतण्याने कानाला हेडफोन लावून आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ठेका धरायचा म्हटलं, तर त्याची थाप माइकमधून कार्डात, कार्डातून सॉफ्टवेअरमध्ये आणि तिथून परत त्याच्या कानात जायला वेळ लागतो. यालाच लेटन्सी म्हणतात. विंडोजचा नेहमीचा रस्ता गाणी ऐकायला चांगला, पण या कामाला फार वळणाचा. म्हणून स्टाइनबर्गने १९९७मध्ये एएसआयओ नावाचा आडरस्ता काढला, जो विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट कार्डाशी बोलतो. कार्ड घेताना दुकानदाराला एवढंच विचारा : "याला कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का, आणि तो माझ्या विंडोजवर चालतो का?" 'एएसआयओफॉरऑल टाका, चालेल' असं उत्तर आलं तर समजा की नाही. एएसआयओफॉरऑल हे विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेलं आवरण आहे. अडीअडचणीला मीही ते वापरतो, पण पैसे मोजून घेतलेल्या कार्डाला त्याची गरज पडू नये.

आकड्यांत सांगायचं तर बफर, म्हणजे पुढे पाठवण्याआधी मोजण्या साठवायचा टप्पा, २५६ सँपलचा (मोजण्यांचा) आणि रेट ४४.१ असेल तर एका बाजूचा उशीर ५.८ मिलिसेकंद. जाऊन-येऊन साडेअकरा, त्यात कार्डाची स्वतःची एक-दोनची भर. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे पुतण्याला स्वतःचा तबला चार-साडेचार मीटरवरून ऐकू आल्यासारखा वाटेल. गायकाला तेवढं एखाद वेळेस चालतं, तबलजीला चालत नाही. त्याचं बोट आधी पडतं आणि कान मागून येतो, मग तो नकळत हात रोखून धरतो आणि लय मंदावते. बफर १२८वर आणला की हे निम्मं होतं. तेवढ्यावर कॉम्प्युटर टिकटिक, कडकड करायला लागला तर दोष बहुधा कार्डाचा नसतो. वायफायचा ड्रायव्हर आणि प्रोसेसरची वीज वाचवण्याची सेटिंग या दोन गोष्टी आधी बंद करून बघा. लेटन्सीमॉन नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. कुठला ड्रायव्हर मध्ये पाय घालतोय ते ते दाखवतं.

आणखी चांगला उपाय डायरेक्ट मॉनिटरिंगचा. माइकचा आवाज सॉफ्टवेअरपर्यंत न जाता कार्डातूनच वळून हेडफोनमध्ये येतो, उशीर कानाला कळत नाही. ही सोय असेल तर बफर मोठा ठेवूनही निवांत रेकॉर्ड करता येतं. घरच्या रेकॉर्डिंगला मी लेटन्सीच्या आकड्यापेक्षा या एका सोयीला जास्त गुण देतो.

आता आतलं की बाहेरचं, या मुद्द्यावर येऊ.

'आतलं कार्ड वेगवान, यूएसबी हळू' असं जे सांगतात त्यांना गणित करायला सांगा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या ३२ चॅनेल एकदम चालवल्या तरी सेकंदाला ४.६ मेगाबाइट लागतात. पीसीआय एक्सप्रेसची सर्वांत जुनी, सर्वांत लहान खाच २५० देते आणि यूएसबी २ कागदावर ६०. म्हणजे रुंदीला कुठेच तोटा नाही. आतल्या कार्डाचा फायदा वेगळा आहे : ते थेट मेमरीत लिहितं, मध्ये यूएसबीचा कंट्रोलर आणि त्याने सांभाळून ठेवलेले जादाचे बफर नसतात, त्यामुळे चांगल्या ड्रायव्हरचं आतलं कार्ड बारीक बफरवरही शांत राहतं. आरएमई या कंपनीची एचडीएसपीई कार्डांची मालिका याच गुणावर स्टुडिओंमध्ये टिकून आहे.

'आतलं कार्ड म्हणजे पीसीची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येणारच' हेही तितकंच अर्धवट. आरएमई किंवा लिंक्सची कार्डं त्याच पत्र्याच्या डब्यात बसून ११० डेसिबलच्या वर स्वच्छ काम करतात, कारण त्यांच्या वायरी बॅलन्स्ड, म्हणजे वाटेत शिरलेली गुणगुण खोडून टाकणाऱ्या, असतात आणि कार्डावर स्वतःची नीट वीजव्यवस्था असते. खरखर येते ती मुख्यतः माइकचा कोवळा सिग्नल बॅलन्स्ड नसलेल्या वायरीतून थेट डब्यात नेल्यावर. लाइन पातळीचा सिग्नल तिथपर्यंत शाबूत पोचतो. एक मात्र करा, कार्ड कुठलंही असो, ग्राफिक्स कार्डापासून जितक्या लांबच्या खाचेत बसेल तितकं लांब बसवा.

मग अडतं कुठे? या चांगल्या कार्डांवर माइक प्रीअँपच नसतो. आरएमईच्या एआयओ प्रो कार्डावर दोन चॅनेल लाइन इनपुट आहे, डिजिटल इनपुटं आहेत, मिडी आहे, पण एसएम५८ थेट लावायला जागा नाही. ते कार्ड 'बाहेर प्रीअँप आहेच' असं गृहीत धरून केलेलं असतं. ज्याच्याकडे आठ चॅनेलचा वेगळा प्रीअँप आहे, ज्याला एडॅट नावाच्या डिजिटल जोडणीच्या एका काचतंतूच्या वायरीतून त्या आठही चॅनेल ४८ किलोहर्ट्झवर आत घ्यायच्या आहेत, ज्याचा पीसी दहा वर्षं त्याच टेबलाखाली राहणार आहे, त्याच्यासाठी आतलं कार्ड आजही उत्तम. त्याचं बजेट १२ हजार नसतं.

एक काळ होता की कमी पैशांतही आतलं कार्ड हेच शहाणपणाचं उत्तर होतं. एम-ऑडिओचं ऑडिओफाइल २४९६ आठवतं? नावातच सगळं : २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. दोन आरसीए (टेपरेकॉर्डरच्या लाल-पांढऱ्या पिनांचे जॅक) आत, दोन आरसीए बाहेर, वायरीच्या एका गुच्छावर एस-पीडीआयएफ आणि मिडी. ना ७.१, ना दिवे. कितीतरी घरगुती स्टुडिओ एका छोट्या मिक्सरवर आणि या एका कार्डावर उभे राहिले. ईएसआयचं जुली त्याहून गमतीचं : कार्डाचा अर्धा भाग काढून उलटा लावला की आरसीएच्या जागी बॅलन्स्ड जॅक यायचे. असं सुतारी डोकं हल्ली दिसत नाही.

पण म्हणून आज पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जुनं २४९६ स्वस्तात दिसलं तर हरखून जाऊ नका. ते जुन्या पीसीआय खाचेचं कार्ड आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक मदरबोर्डांवर ती खाचच नाही. चार वर्षांपूर्वीच्या तुमच्या मशीनवर तर नसणारच. तिथे पीसीआय एक्सप्रेस आहे, आणि नावात साम्य असलं तरी एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. डबा उघडून बघा : बोटाच्या दोन पेरांपेक्षाही लहान असते ती एक्सप्रेसची एक्स१ खाच. एक्स१ कार्ड लांब खाचेतही चालतं, त्यामुळे लहान खाच ग्राफिक्स कार्डाखाली झाकली गेली असेल तरी हरकत नाही. जुना, पीसीआयवाला पीसी घरी पडून असेल आणि लिनक्सशी तुमची गट्टी असेल, तर गोष्ट वेगळी. त्या कार्डाची चिप लिनक्सला फार पूर्वीपासून ओळखीची आहे, आणि पुतण्याला सुट्टीत उद्योगही होईल. विंडोजवर मात्र आधी ड्रायव्हर शोधा, मग पाकिटाला हात घाला.

आता तुमच्या १२ हजारांचं काय करायचं ते.

घरी किंवा मंडळात एखादा छोटा मिक्सर आहे का ते आधी पाहा, एक्सएलआर इनपुट आणि फॅन्टम असलेला. असेल तर चार दिवस मागून आणा. पीसीच्या मागे गुलाबी, हिरवं आणि निळं अशी तीन भोकं असतील तर निळं हे लाइन इन. मिक्सरच्या टेप आउट किंवा लाइन आउटमधून आरसीए-ते-३.५ची वायर त्या निळ्यात लावा. विंडोजमधली नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन वगैरे सगळी 'सुधारणा' बंद करा. ती बोलण्यासाठी असते, तंबोऱ्याला ती गोंगाट समजते आणि हळूहळू खाऊन टाकते. एक अभंग रेकॉर्ड करा. मदरबोर्डावरचंच कार्ड लाइन पातळीवर किती बरं चालतं ते पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. या जोडणीत हेडफोनही मिक्सरलाच लावायचा, म्हणजे लेटन्सीचा प्रश्न आपोआप मिटतो. अशा रेकॉर्डिंगमध्ये तुम्हाला खटकण्यासारखं काही सापडलं नाही, तर कार्डावर एक रुपयाही घालू नका. सगळे पैसे माइकला आणि खोलीला लावा.

मिक्सर नसेल तर दोन माइक इनपुट, फॅन्टम आणि डायरेक्ट मॉनिटरिंग असलेला साधा यूएसबी इंटरफेस, म्हणजे पीसीबाहेर राहणारं साउंड कार्ड, घ्या. बेरिंजर, फोकसराइट, ऑडियंट, मोटू यांच्यापैकी जो त्या दिवशी बजेटमध्ये बसेल आणि ज्याचा ड्रायव्हर कंपनीचा स्वतःचा असेल तो. तुमच्या पैशांत एक माइक इनपुट आणि एक वाद्याचं इनपुट असलेलेही बरेच दिसतील. ते एकट्याने गिटारवर गाणाऱ्यासाठी ठीक, तुम्हाला दोन माइक एकदम लागणार, तेव्हा दोन्ही इनपुटं एक्सएलआर आहेत ना ते स्वतः भोकं मोजून बघा. एसएम५८ गळ्याला आणि पुढेमागे घेतलेला कंडेन्सर पेटीच्या भात्याच्या बाजूला नव्हे, स्वरांच्या बाजूला, दीड-दोन फुटांवर. पेटीचा भाता श्वास घेतो तो ऐकू आला तर बरं वाटतं, पण सतत नको. तबला नंतर वेगळा घ्या, म्हणजे दोन चॅनेलमध्ये सगळं भागतं.

एक सापळा सांगून ठेवतो. 'यूएसबी माइक घेतो आणि ऐकायला पीसीचंच कार्ड वापरतो' हा विचार मनात येईल, कारण ते सगळ्यांत स्वस्त पडतं. मीही केलं होतं. पहिली पाच मिनिटं सगळं झकास. नवव्या-दहाव्या मिनिटाला गाणं आणि ठेका यांच्यात फट पडायला लागली. कारण असं की दोन उपकरणांत दोन वेगळी घड्याळं असतात आणि दोन्ही ४८ हजार म्हणत असली तरी नेमकी तेवढी नसतात. दहा लाखांत पन्नासचा फरक असला तरी दहा मिनिटांत ३० मिलिसेकंद होतात. समेवर ते स्पष्ट कळतं. आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज एकाच उपकरणातून जाऊ द्या.

वीज. मिरज-सांगलीच्या जुन्या घरांत मी रेकॉर्डिंग केलं आहे, म्हणून हे मुद्दाम. अर्थिंग नसलेल्या सॉकेटला पीसी लावला की डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. पॉवर सप्लायमधले फिल्टर तो पत्रा मेन लाइनच्या निम्म्या दाबावर, ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत ठेवतात. करंट अगदी नगण्य असतो, पण माइकच्या वायरीत ५० हर्ट्झची गुणगुण उतरवायला पुरेसा. त्याचा उपाय खऱ्या अर्थिंगचा आहे, दुसरा नाही. पीसी, मिक्सर, मॉनिटर स्पीकर सगळं एकाच चांगल्या तीन-पिन बोर्डवर घ्या. गुणगुण जावी म्हणून पिनेतली अर्थची वायर तोडणारे महाभाग भेटतात. त्यांचं ऐकू नका. आवाज थांबेलही, पण एखाद्या दिवशी माणूसही थांबेल. छताच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही बारीक करकर सोडतो. पंखा पूर्ण वेगात किंवा पूर्ण बंद, मधल्या आकड्यावर नको. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर लाइट गेल्यावर चहा घ्यावा, रेकॉर्डिंग करू नये.

आणि आतल्या कार्डाचा एक तोटा कोणी बोलत नाही : माइकची वायर पीसीपर्यंत न्यावी लागते, म्हणजे पीसी खोलीतच ठेवावा लागतो. मग कार्ड कितीही शांत असलं तरी डब्याचा पंखा कंडेन्सरला ऐकू जातोच. बाहेरचा इंटरफेस निदान टेबलावर घेऊन पीसी दाराआड सरकवता येतो.

जे काही घ्याल किंवा मागून आणाल त्याची एक परीक्षा करा. तुम्ही मिरजेत राहता, २०२४मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा शेजारीपाजारी एक जवारीदार तंबोरा मिळायला हरकत नाही. साउंड कार्ड जोखायला इतकं चांगलं वाद्य नाही. आवाज लहान, त्यामुळे गेन वर न्यावा लागतो आणि खरखर असली तर उघडी पडते. जवारीमुळे खर्जाच्या एका तारेतून वरचे स्वरांश झरझर उमलत राहतात, त्यामुळे कार्ड वरच्या पट्टीत मंद असेल तर लगेच कळतं. अॅपमधला तंबोरा नको, खरा हवा. पंखा बंद करा, माइक भोपळ्यापासून हातभर लांब ठेवा, दोन मिनिटं छेडा. मग शेवटची तार छेडून हात काढा आणि ती पूर्ण विझेपर्यंत रेकॉर्डिंग बंद करू नका. हेडफोनवर ऐकताना लक्ष शेवटाकडे द्या : तार विझताना सूर आधी संपतो की खरखर आधी वर येते. सूर खोलीच्या शांततेत विरला, बाहेरच्या रिक्षात विरला तरी चालेल, तर कार्ड पास. तो खरखरीत बुडाला तर प्रीअँप नापास.

ती दोन मिनिटांची फाइल एमपी३ न करता, वेव्हमध्येच मला पाठवा. सोबत गेनचं गोल बटण घड्याळाच्या काट्यासारखं किती वाजल्यावर होतं ते लिहा, दहावर, बारावर, तीनवर. तीनच्या पुढे गेलं असेल तर माइक बदलायचा की प्रीअँप, ते मग ठरवू.